झांकलेले तलाव व त्यांची डागडुजी

ठाण्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे चिरंजीव सहकुटुंब झुरिकजवळ राहतात. ज्या बंदिस्त तरणतलावांत त्यांची नात पोहावयास शिकत होती, तो दुरुस्तीसाठीं बंद झाला असून दीड वर्षानें उघडेल, अशी पाटी दारावर लागली आहे. "चार लाद्या बदलावयास दीड वर्ष? आमच्या चाळीचा जिनासुद्धां याहून लवकर झाला," असा त्यांचा सवाल आहे. प्रश्न थट्टेनें विचारला असला तरी त्याचें उत्तर थट्टेचें नाहीं. झुरिकपासून जवळच असलेल्या उस्टर या गांवांत इ. स. १९८५ मध्यें अशाच एका तलावावर जें घडलें, त्यानंतर युरोपांत बंदिस्त तलावाच्या दुरुस्तीचा अर्थच पालटून गेला. या महिन्यांत आम्ही त्याचाच विचार करणार आहों.

तलावाची दुरुस्ती म्हटली म्हणजे आपलें लक्ष साहजिकपणें पाण्याकडे जातें. हौद गळतो काय, लाद्या सुटल्या काय, पाणी गढूळ होतें काय, असे प्रश्न आपण विचारतों. वस्तुतः हौदाला पाण्याची संवय असते. त्याकरितांच तो बांधलेला असतो. उघड्या आभाळाखालील तलावाची गोष्ट येथेंच संपते. परंतु त्याच तलावाभोंवतीं चार भिंती उभारून वर छप्पर घातलें, कीं आंत आणखी एक तलाव तयार होतो, आणि तो हवेचा असतो. हा दुसरा तलाव डोळ्यांस दिसत नाहीं, त्याची खोली मोजण्याचें कोणास सुचत नाहीं, आणि इमारतीचा खरा घात तोच करीत असतो.

भात शिजल्यावर पातेल्यावरील झांकणी उलटी केली तर तिच्या पोटाशीं जमलेलें पाणी घळघळां ओघळतें, हें कोणत्याहि गृहिणीस सांगावयास नको. बंदिस्त तलावांत हेंच रात्रंदिवस चालू असतें; फक्त आंच मंद असते. युरोपांतील सार्वजनिक तलावांत पाणी सुमारें २८ अंश सेल्सिअस ठेवतात आणि हवा त्याहून एक-दोन अंश अधिक ऊन. हवा थंड ठेवली तर ओलेत्यानें बाहेर आलेला मनुष्य कुडकुडतो, शिवाय पाण्याची वाफहि अधिक होते. २५ मीटर लांब व साडेबारा मीटर रुंद अशा मध्यम तलावांतून, माणसें पोहत असतां, तासाला पन्नास लिटरांच्या आसपास पाणी हवेंत जातें. म्हणजे दर तासास चार-पांच घागरी कोणी तरी अदृश्य रीतीनें उचलून छताकडे नेत आहे असें समजावें. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेंत जास्तींत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. जाणते लोक ती १८ ग्रॅमांच्या, म्हणजे ६० टक्क्यांच्या वर जाऊं देत नाहींत. पण तीच हवा २१ अंशांपर्यंत निवालेल्या एखाद्या पृष्ठभागास लागली, कीं तेवढीहि वाफ तिला पेलवत नाहीं, आणि दंव पडूं लागतें. स्वित्झर्लंडच्या हिंवाळ्यांत बाहेर पाणी गोठत असतां खिडकीची कांच, लोखंडी तुळईचें टोंक, छताचा एखादा कोपरा, हीं सर्व त्याहून थंड असावयाचीं हें उघडच आहे.

कांचेवरील दंव पुसतां येतें. भिंतीच्या पोटांतील कसें पुसणार? वाफ ही मोठी चिकाटीची वस्तु आहे. ती गिलाव्यांतून, लांकडांतून, ऊब राखण्यासाठीं भरलेल्या लोकरीसारख्या थरांतून हळूहळू पलीकडे जाते, आणि वाटेंत जेथें थंडावा मिळेल तेथें पाणी होऊन बसते. म्हणून अशा इमारतींत भिंतीच्या व छताच्या उबदार बाजूस बाष्परोधक पापुद्रा लावावा लागतो, आणि तो अखंड असावा लागतो. नंतर कोणी तरी दिवा टांगण्यासाठीं किंवा तार नेण्यासाठीं त्यांत भोंक पाडतो व निश्चिंतपणें घरीं जातो. पुढें दहा वर्षांनीं छताची तुळई कुजलेली आढळते, तेव्हां त्या भोंकाची आठवण कोणालाहि नसते. याच कारणास्तव तलावाच्या दालनांतील हवेचा दाब बाहेरच्या खोल्यांहून किंचित् कमी राखतात, म्हणजे दमट हवा फटींतून बाहेर ढकलली जाण्याऐवजीं बाहेरचीच हवा आंत ओढली जाते.

यावर कोणी म्हणेल कीं, इतकी ओल तर आमच्या कोंकणांतहि असते, आणि तेथील घरें पिढ्यान्‌पिढ्या उभीं आहेत. खरें आहे; परंतु कोंकणांतील पावसांत क्लोरीन नसतो. तलावांत तो घालावाच लागतो. क्लोरीन घालण्याची पद्धति रूढ होण्यापूर्वीं काय चालत असे याचा मासला मँचेस्टर येथील व्हिक्टोरिया बाथ्स या स्नानगृहाच्या इतिहासांत सांपडतो. हें भव्य स्नानगृह १९०६ मध्यें उघडलें. तेथें ताजें पाणी प्रथम पहिल्या वर्गाच्या पुरुषांच्या तलावांत, तेथून दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांच्या तलावांत, आणि सर्वांत शेवटीं स्त्रियांच्या तलावांत सोडीत असत. यावर वाचकभगिनींनींच काय तें बोलावें. आम्ही बोलत नाहीं.

क्लोरीन रोगजंतूंचा नाश करतो हा त्याचा उपकार. पण माणसाच्या अंगावरील घाम, मूत्रांश, तेलें, उटणीं यांच्याशीं त्याची गांठ पडली म्हणजे त्यापासून क्लोरॅमिन नांवाचे पदार्थ बनतात, आणि त्यांतील ट्रायक्लोरॅमिन हा तर पाण्यांत राहतच नाहीं. तो उडून हवेंत जातो. बंदिस्त तलावाच्या दारांतच नाकांत भरणारा जो उग्र वास, आणि ज्याला लोक "स्वच्छतेचा वास" म्हणून मान देतात, तो ह्याचाच. तो वास जितका अधिक तितकी पाण्यांत घाण अधिक, असा हिशेब आहे. डोळे चुरचुरणें, खोकला येणें हेंहि त्याचेंच देणें. तलावांत उतरण्यापूर्वीं साबण लावून आंघोळ करावी असा नियम सर्वत्र लिहिलेला असतो, आणि स्नानापूर्वीं स्नान कशाला, असें म्हणून तो सर्वत्र मोडला जातो. आपल्या आजीबाईंनीं तो मोडूं दिला नसता. आणि त्या नियमानें इमारतीच्या छतासहि दीर्घायुष्य लाभतें हें त्यांना कळलें असतें तर त्या आणखीच कडक झाल्या असत्या.

आतां उस्टरकडे वळूं. तेथील तलाव १९७२ मध्यें उघडला होता. पोहण्याच्या दालनावर काँक्रीटचें एक जड छत होतें, आणि तें वरील बांधणीस स्टेनलेस स्टीलच्या बारीक सळ्यांनीं टांगलेलें होतें. बांधणाऱ्यांनीं साधें लोखंड वापरलें नव्हतें. गंजणार नाहीं असें पोलाद, अधिक पैसे खर्चून, वापरलें होतें. ता. ९ मे १९८५ रोजीं लोक पोहत असतां तें छत एकदम खालीं आलें. बारा माणसें मृत्यु पावलीं. इमारतीचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें.

चौकशींत सळ्या झिजलेल्या आढळल्या नाहींत. त्या तडकलेल्या आढळल्या. ह्यांतील मर्म समजून घेण्यासाठीं आपण पुन्हा स्वयंपाकघरांत जाऊं. लोणचें आपण स्टीलच्या डब्यांत ठेवीत नाहीं, चिनी मातीच्या बरणींत ठेवतों. मीठ बरेच दिवस राहिलें तर स्टीलच्या वाटीलाहि टांचणीनें टोंचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, हें अनेकींनीं पाहिलें असेल. स्टेनलेस स्टीलचें तेज हें त्यावरील एका अत्यंत पातळ पापुद्र्यामुळें टिकतें, आणि मिठांतील क्लोराईड हा त्या पापुद्र्याचा जन्मवैरी आहे. वाटीवर कसलाच ताण नसतो, म्हणून खड्डा पडून प्रकरण थांबतें. पण तीच धातु जर सतत ताणलेली असेल, तर खड्ड्याच्या बुडाशीं केसासारखी भेग सुरू होते आणि आंतल्या आंत, फांद्या फुटत, पुढें सरकत राहते. बाहेरून सळई चकचकीत दिसते, फार तर एखादा तपकिरी डाग दिसतो. मग एक दिवस एक सळई तुटते, तिचा भार शेजारणीवर पडतो, तीहि अगोदरच तडकलेली असते, आणि पुढचें क्षणार्धांत होतें. तोंवर धातुशास्त्रांत अशी समजूत होती कीं, असल्या पोलादास हा रोग ६० अंशांच्या वरील उष्णतेंतच जडतो. पोहण्याच्या तलावासारख्या सुखावह हवेंत त्याची भीति नाहीं. ती समजूत उस्टरला मोडली.

यांतील सर्वांत बोधक गोष्ट आमच्या मतें ही कीं, तलावाच्या कांठावरील स्टीलच्या शिड्या व कठडे, जे दिवसभर भिजतात, ते मात्र शाबूत राहतात. त्यांच्यावर पाणी पडतें, ते रोज धुतले-पुसले जातात, त्यामुळें क्लोराईडास सांचावयास सवड मिळत नाहीं. छतावरील पोटमाळ्यांत मात्र कोणाचा हात पोहोंचत नाहीं. तेथें क्लोरॅमिनयुक्त दंव पडतें, सुकतें, पुन्हा पडतें, आणि प्रत्येक खेपेस आपला क्षार मागें ठेवून जातें. घर आवरतांना दिसणारें तेवढें झाडावें व पोटमाळ्याचें दार लोटून घ्यावें, ही खोड सर्व देशांत सारखीच असावी.

उस्टरनंतरहि हा धडा पुरता शिकला गेला नाहीं. २०११ सालीं हॉलंडांतील टिलबर्ग येथें एका तलावावर छत नव्हे, तर छताला टांगलेला ध्वनिवर्धक खालीं पडला, आणि आईच्या समवेत असलेलें एक तान्हें मूल दगावलें. त्याच्या टांगणीचें स्टीलहि असेंच तडकलें होतें. तेव्हां केवळ छत पाहून चालत नाहीं. दिवे, कर्णे, हवेचे नळ, जें जें म्हणून डोक्यावर टांगलें आहे तें सर्व पाहावें लागतें. त्या देशांत आतां अशा तपासणीची कायद्यानेंच सक्ती आहे.

आमच्या ठाण्याच्या भगिनींस आतां दीड वर्षाचा उलगडा थोडासा झाला असेल. लाद्या हें त्या कामाचें शेवटचें, दर्शनी प्रकरण असतें. प्रथम छत उघडावें लागतें. जुन्या इमारतींत त्यांत ॲस्बेस्टॉस निघालें तर तें काढण्यासच काटेकोर बंदोबस्त लागतो. प्रत्येक टांगणी तपासावी लागते. भार उचलणारी, आणि जिला हात पोहोंचत नाहीं अशी प्रत्येक सळई बदलावयाची झाली तर भांड्यांचें ३०४ जातीचें स्टील चालत नाहींच, पण समुद्रकांठीं वापरतात तें ३१६ जातीचेंहि चालत नाहीं; मॉलिब्डेनमचें प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास असलेलें, १.४५२९ यासारख्या आंकड्यांनीं ओळखलें जाणारें, फार महाग पोलाद घालावें लागतें. तें परवडत नसेल तर जस्ताचा जाड मुलामा दिलेलें साधें पोलाद बरें, कारण तें गंजतें तेव्हां दिसूं देतें. काँक्रीटला भोंकें पाडून त्यांत क्लोराईड किती खोल गेलें आहे तें मोजावें लागतें. नंतर बाष्परोधक पापुद्रा, त्याचा एकेक सांधा चिकटवून. नंतर हवेचीं यंत्रें.

हौद रिकामा करणें हेंहि वाटतें तितकें सोपें नाहीं. जमिनींत पाण्याची पातळी वर असेल तर रिकामा हौद नावेसारखा तरंगूं पाहतो आणि तडकतो. म्हणून आधीं भोंवतालचें पाणी उपसावें लागतें. वर्षानुवर्षें पाण्याखालीं राहिलेल्या लाद्या एकदम कोरड्या पडल्या म्हणजे पापडासारख्या उचलतात. आणि सर्व काम आटोपल्यावर पाणी भरणें व तें तापविणें हेंहि सावकाश, दिवसांच्या हिशेबानें करावयाचें असतें.

हवेच्या यंत्रांविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें आवश्यक आहे, कारण पुष्कळ दुरुस्त्या तेथेंच फसतात. १९७३ च्या तेलटंचाईनंतर थंड देशांत इंधनाची काटकसर सुरू झाली. तापविलेली हवा बाहेर सोडणें म्हणजे पैसा बाहेर सोडणें. म्हणून तीच हवा फिरवून वापरणें, खिडक्या घट्ट बसविणें, फटी बुजविणें हे उपाय घरोघर झाले. राहत्या घरांत ते योग्यच होते. पण तलावावर असें केलें म्हणजे वाफेबरोबर क्लोरॅमिनहि आंतच घोळत राहतें. जुनी, वाऱ्याला वाट देणारी इमारत जें सहन करीत होती, तें नवी, घट्ट बसविलेली इमारत सहन करीत नाहीं. काटकसरीची सुज्ञ रीत निराळी आहे. वाफ होतांना पाणी जी उष्णता घेऊन जातें, ती त्याच वाफेचें पुन्हा पाणी करतांना परत मिळते. असें करणारीं यंत्रें ती उष्णता पुन्हा तलावाच्या पाण्यास देतात; बाहेर जाणारी हवाहि आपली ऊब आंत येणाऱ्या ताज्या हवेस देऊन जाते. ताज्या हवेला मात्र पर्याय नाहीं.

कधीं कधीं हिशेब असा निघतो कीं, पोहणें बंद करावें हेंच बरें. फ्रान्समधील रूबे या कापडगिरण्यांच्या गांवीं आल्बेर बेर नांवाच्या शिल्पज्ञानें १९३२ मध्यें एक अप्रतिम तरणतलाव उभारला. दोन्ही टोंकांस उगवत्या व मावळत्या सूर्याच्या रंगीत कांचा, कडेनें स्नानाच्या खोल्या; ज्या मजुरांच्या घरीं न्हाणीघर नव्हतें त्यांच्यासाठीं ती सोय होती. छताची कमान धोक्याची झाली म्हणून तो १९८५ मध्यें, म्हणजे उस्टरच्याच वर्षीं, बंद झाला. तेथें कोणी चिरडलें गेलें नाहीं, कारण दार वेळेवर लावलें गेलें. पुढें गांवानें तो पाडला नाहीं. २००१ मध्यें तेथें कलावस्तूंचें संग्रहालय उघडलें, आणि आठवण म्हणून हौदाच्या मध्यभागीं पाण्याचा एक पट्टा राखला. त्याच्या दुतर्फा पुतळे उभे आहेत व पाण्यांत त्यांचीं प्रतिबिंबें पडतात. गांवच्या म्हाताऱ्या लोकांना त्यांत पोहतां येत नाहीं हें खरें, पण त्यांच्या लहानपणींची जागा त्यांना पाहावयास मिळते. हीहि दुरुस्तीच, असें आम्ही मानतों.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वाटेनें येत आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या वसाहतींत उघडे तलाव पुष्कळ झाले आहेत, आणि पावसाळ्यांत मुलांचें पोहणें बुडतें म्हणून ते कांचा लावून बंदिस्त करावे अशी टूम अधूनमधून निघते. येथें युरोपाची नक्कल करणाऱ्यानें एक साधा हिशेब करून पाहावा. स्वित्झर्लंडांत हिंवाळ्यांतील शून्य अंशाच्या हवेंत घनमीटरला पांच ग्रॅमांहूनहि कमी वाफ असते. ती आंत घेऊन तापविली म्हणजे चांगली कोरडी होते व तलावावरील ओल टिपून घेते. तेथें खिडकी उघडणें हाच वाळविण्याचा उपाय. मुंबईच्या आषाढांतील हवेंत घनमीटरला सुमारें २२ ग्रॅम वाफ असते. म्हणजे बंदिस्त दालनांत जी जास्तींत जास्त चालते, त्या १८ ग्रॅमांहून बाहेरचीच हवा ओली! ती आंत घेऊन आपण काय वाळविणार? अशा वेळीं ओल काढून घेणारें यंत्र रात्रंदिवस चालविण्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि विजेचा खर्च सभासदांच्या माथीं बसतो. वीज गेली किंवा कारभाऱ्यांनीं काटकसर केली, कीं पंधरा दिवसांत भिंती काळ्या पडूं लागतात. बाष्परोधक पापुद्र्याचीहि येथें उलटापालट होते. शेजारीं वातानुकूलित खोली असली तर भिंतीची थंड बाजू आंतल्या अंगास येते, आणि परदेशी नकाशावरून बसविलेला पापुद्रा नेमका चुकीच्या जागीं पडतो.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्या देशांत पाणी गोठत नाहीं तेथें तलावाला छप्पर असावें, भिंती असूं नयेत. पाऊस थांबविणारें उंच छप्पर व चारी बाजूंनीं वाऱ्याला मोकळी वाट, एवढ्यानें मुलांचें पोहणें चालतें आणि क्लोरॅमिन आपोआप निघून जातें. आपल्या देवळांतील मंडप असेच असतात. ज्यांना तरीहि बंदिस्तच हवें असेल, किंवा ज्यांच्याकडे तें अगोदरच झालें असेल, त्यांनीं दुरुस्तीच्या निविदा मागवितांना लाद्यांचा रंग ठरविण्यापूर्वीं तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्या: डोक्यावर टांगलेल्या प्रत्येक वस्तूच्या टांगणीचें पोलाद कोणत्या जातीचें आहे, छताच्या वर मनुष्यास जातां येईल असें दार कोठें आहे व दर वर्षीं तेथें कोण जाणार, आणि तलाव रात्रीं बंद असतां हवेचें यंत्र चालूं राहणार कीं नाहीं.

ठेकेदार बहुधा तिसऱ्याच प्रश्नावर अडखळतो. रात्रीं पाण्यावर पसरावयाचें तरंगतें आच्छादन मिळतें. त्यानें वाफ पुष्कळच कमी होते व यंत्रास विसांवा मिळतो. तें विकत घेण्यास कोणी नाहीं म्हणत नाहीं. रोज रात्रीं दहा वाजतां तें पसरावयाचें कोणी आणि पहांटे पांचाला गुंडाळावयाचें कोणी, हें मात्र ठरावांत नांवानिशीं लिहिलें पाहिजे. नाहीं तर तें कोपऱ्यांत तसेंच गुंडाळलेलें राहतें, आणि त्यावर बुरशीहि प्रथम तेथेंच धरते.